कुमंजाईला फोन

तार लाल झाली की बीच्या पोटात अलगद शिरते, चर्र करते, धुराची एक बारीक रेघ वर जाते... माळेत ओवायची पांगाऱ्याची ही लाल बी, नोरीनच्या बोटांना न बघताही कळणारी — आज मात्र तार निवत चाललेली आणि बी चिमटीतच, कारण समोर वाळूत मांडी घालून बसलेला फर्गस फोन पुढे करून थांबलाय.

"आत्या, फोन करायची आता एकच राहिली."

हा पहिल्यांदा स्वयंसेवक म्हणून वाळवंटातल्या या वस्तीवर आला तेव्हा नोरीनच्या भावाने त्याला मुलगा मानलं, म्हणून ती आत्या. शाळेत, दवाखान्यात, या चित्रांच्या शेडमध्ये राबून गेलेल्या सगळ्या स्वयंसेवकांचं तो आता मंडळ जमवतोय. थंडीत सगळ्यांनी इथे यायचं, नव्यांना जुन्यांनी हाताशी धरायचं. बोलावणं मात्र नोरीनच्या तोंडून गेलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. कालपासून ती फोनवर हसतेय, कुणाकुणाची पोरंबाळं विचारतेय.

"मंडळं जमवतोय," चित्रावर ठिपके देत तिची बहीण डल्सी म्हणाली. "आधी स्वतःचं लग्न जमव."

"तूच बघ ना एखादी, आत्या."

"बघितली असती. पण तू रांधलेलं मी खाल्लंय."

फर्गस हसला, आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "कुमंजाईला काय सांगू? सगळ्यांना बोलावलं, मलाच का नाही, माझं काय चुकलं, विचारत होती."

शहाणं पोर, नाव नाही घेतलं. गेलेल्या माणसाचं नाव ओठांवर आणायचं नाही, आणि त्या नावाचं जे कुणी जिवंत असेल तेही मग नुसतं कुमंजाई, बिननावाचं, होतं — नोरीनची लेक गेली, तेव्हापासून तिचं नाव वस्तीवर कुणी उच्चारलेलं नाही. पण ते नाव मुळात लेकीचं कुठे होतं... बाळंतपणात पहिल्या कळेपासून हात न सोडणारी, दवाखान्यात राबायला आलेली ती कोवळी पोरगी, घामाने निथळत आपल्याआधी रडली ती, तिचंच नाव लेकीला दिलेलं. लेकीच्या दर वाढदिवसाला तिचं पार्सल यायचं. यंदाही आलं. तिला कुणी सांगितलंच नाही.

तिचं काय चुकणार... पण फोन उचलला की ही माणसं आधी आपलं नाव सांगतात. हॅलो, मी अमकी. ते मी कसं ऐकू? घर फांद्यांनी झाडलं, पावलं पुसली, फोटो झाकले, हाक मारायची तिथे जीभ आवळली — आणि एका हॅलोसरशी लेक दारात येऊन उभी राहायची.

"मी करते हवं तर," डल्सी म्हणाली.

"तू भांडशील."

"भांडतेय कशाला. रडेन फार तर."

नोरीनने बी मांडीवर ठेवली. "लाव."

फर्गसने नंबर लावून फोन तिच्या हाती दिला आणि उठून गाडीपलीकडे गेला. डल्सीने रंगाच्या हातांनीच कान झाकले. पलीकडे घंटा वाजत राहिली, मग भांड्यांचा आवाज, नळ बंद झाल्याचा, आणि एक जाडसर झालेली, ओळखीची, धावत आलेली हाक —

हॅलो, मी...

आलं नाव. ताट पुसता पुसता सांगावं तसं, सहज, त्यात मरण कुठेच नव्हतं. नोरीनने बोलायला तोंड उघडलं. ये, म्हणायचं होतं, कांगारूची शेपटी भाजू निखाऱ्यावर, तुझी जागा ठेवलीय. आणि त्याआधी ते दुसरं, लेक गेल्याचं, जे ऐकल्यावर ही बाईसुद्धा स्वतःच्या नावाला बिचकेल, पुन्हा असं मोकळं उच्चारणार नाही. सांगायचंय. सांगेनच. पण मला वाटलं होतं कापेल, जाळेल... आणि हे तर कानात येऊन बसलं, अंघोळ घातलेल्या पोरीसारखं, ओलं, गरम.

"हॅलो? कोण बोलतंय?" पलीकडून आलं, आणि मग जरा मोठ्याने, ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा तेच नाव.

नोरीनने फोन कानाशी आणखी घट्ट धरला, आणि ते अजून एकदा येईल म्हणून थांबली.