कलेजीसाठी तळं

फिलोमिनला मराया माशाची कलेजी खायची होती. अकरा दिवस तिच्या पोटात साखरपाण्यापलीकडे काही टिकलं नव्हतं. शहरातल्या इस्पितळानं हात वर केले आणि तिला विमानात घालून उत्तरेला, गावी धाडून दिलं. नर्सबाईंनी घरच्यांना दाराबाहेर नेऊन सांगितलं, तीन-चार दिवस, फार तर. आणि त्या सकाळी फिलोमिननं डोळे उघडले आणि धाकट्या भावाला हुकूम सोडला, "ओबेड, मराया आण. कलेजी लोण्यात परतायची. करपवलीस तर याद राख."

मराया ऐन थंडीत बर्फाखाली फिरतो आणि अंधार पडल्यावरच गळाला लागतो. म्हणजे रात्र बर्फावर काढणं आलं. बासष्टाव्या वर्षीही ओबेडला त्याचं काही वाटत नव्हतं. घोडं अडलं होतं ते तळ्यापाशी.

"समोरचं तळं नको," व्हर्ना म्हणाली. ही फिलोमिनची मुलगी. "धरण झाल्यापासून त्यातल्या माशांत पारा आहे. दुकानाच्या दारावर कागद लावलाय. वाचता येतं ना मामा?"

"मला येतं. माशांना सांग जाऊन."

"मग धावपट्टीमागचं?"

"तिथून काय आणू, बेडूक?"

"मग आजीचं तळं. तिथं कुणाचं धरण नाही, स्वच्छ आहे."

"एकशे दहा किलोमीटर आहे, व्हर्ना. जायचं, रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी परत. दोन दिवस आहेत आपल्याकडे?"

व्हर्नानं धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला.

"पारा?" आतून आवाज आला. फिलोमिनचे कान शाबूत होते. "कॅन्सर आधी पोचतो का पारा, लावा शर्यत! समोर जा रे, मूर्खा. चार पावलांवर तळं आणि चर्चा करत बसलेत."

तिघंही हसले. तळं ठरलं.

दुपारी ओबेडनं गिरमिट, पहार आणि तंबू घसरगाडीवर बांधला आणि बर्फगाडी तळ्यावर घातली. तळ्यातल्या बेटाचं टोक चर्चच्या क्रुसाखाली आलं की थांबायचं. तिथं खाली दगडांची रांग आहे आणि मराया अंडी घालायला तिथंच येतो. बापानं ही खूण दाखवली तेव्हा ओबेड सात वर्षांचा होता. त्यानं रिवाजाप्रमाणे तंबाखूची चिमूट बर्फावर ठेवली, बहिणीसाठी एक मासा मागितला आणि गिरमिट लावलं. बर्फ हातभर जाड होतं, निळं, चिवट. पहार मारली तर घंटेसारखं वाजलं. ते वाजणं त्याला तिथंच खटकायला हवं होतं.

गिरमिट आरपार गेलं. पाणी वर आलं नाही.

भोक पडलं की पाणी उसळून काठापर्यंत येतं. इथं चिखलाचा वास आला. त्यानं दोरीला बांधलेलं शिसं आत सोडलं. ते हवेतून खाली, आणखी खाली गेलं आणि कोरड्या दगडावर टक् करून बसलं.

दक्षिणेत थंडी वाढली, शहरांतून घराघरांत विजेचे हीटर लागले, जास्तीच्या विजेसाठी धरणवाल्यांनी दारं उघडली आणि तळं पुरुषभर खाली गेलं. बर्फ तेवढं वर अधांतरी राहिलं. कुणी कळवलं? कशाला कळवतील? दुकानाच्या दारावर पाण्याची पातळी लावतात तो कागद तीन आठवड्यांचा जुना होता. ज्यांचं तळं गेलं त्यांना कागद मिळाला, तोही शिळा. बापानं ओबेडला बर्फ शिकवलं होतं, पण ते पाण्यावरचं. हवेवरचं बर्फ बापानं कुठं बघितलं होतं?

किनाऱ्याकडे काहीतरी लांबलचक तडकलं. ओबेडनं सामान आवरलं आणि आल्या चाकोरीवरूनच जीव मुठीत धरून माघारी आला. किनाऱ्यावरून त्यानं धरणाच्या कचेरीला फोन लावला. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक ध्वनिमुद्रित बाई म्हणाली. त्यानं तिला आपल्या क्री भाषेत शिवी दिली. ती पुरी पडली नाही म्हणून मग इंग्रजीत दिली.

"रिकामा आलास," फिलोमिन म्हणाली.

"पाणीच नाही गं ताई खाली."

तिनं डोळे मिटले. ओबेड खुर्ची ओढून शेजारी बसला. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं होतं. आता कुठं जायला नको. हिचा हात धरून बसायचं, एवढंच.

"मग आजीच्या तळ्यावर जा," ती डोळे न उघडता म्हणाली.

"ताई, मी परत येईपर्यंत..."

"बोल की. जीभ का अडखळली?"

"मी बसतो ना तुझ्याजवळ."

"बसून काय करणार? रडशील. लहानपणापासून रडकाच तू." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "भूक लागलीय मला, ओबेड. अकरा दिवसांत पहिल्यांदा. किती दिवस टिकेल कुणास ठाऊक."

त्यानं व्हर्नाकडे बघितलं. नको जाऊ मामा, एवढं ही म्हणाली असती तर तो सुटला असता. व्हर्ना उठली आणि पेट्रोलचा डबा भरायला बाहेर गेली.

पहाटे तो निघाला तेव्हा फिलोमिन झोपली होती. उठवावं की नाही, यात तो दारात बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी न उठवताच निघाला.

आजीच्या तळ्यावर पोचायला दुपारचा एक वाजला. गिरमिट आरपार गेलं आणि काळंभोर, स्वच्छ पाणी उसळून त्याच्या बुटांवर आलं. त्यानं चार भोकं पाडली आणि चारांत गळ सोडले. तळ्यात खोट काढायला जागा नव्हती. इथं मोबाइलला रेंज नव्हती, गावाकडून येणारी चाकोरी त्याची एकट्याचीच होती आणि करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं.

अंधाराआधी मराया येत नाही. सूर्य अजून झाडांच्या बराच वर होता. ओबेडनं बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि सूर्याकडे बघत राहिला. सूर्य काही केल्या हलेना.