रहाटाचा पलंग
आमोस मिस्त्रीनं आयुष्यभर बैलगाड्या केल्या, पाळणे केले, शवपेट्यासुद्धा केल्या. पण आपल्या हातच्या कामानं कुणाला इजा होईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत एका गुरुवारी जामखेडच्या वाटेवरच्या मिशन दवाखान्यातून त्याला बोलावणं आलं आणि नेमकं तेच ऐकावं लागलं.

लंकाबाई पुन्हा पलंगावरून पडली होती.

उसाच्या गाडीचं चाक पायावरून गेलेली ही चाळिशीची विधवा महिनाभर तिथं पडून होती. नडगीचं हाड मोडलेलं, वर मोठी जखम. प्लास्टरला जखमेपुरती खिडकी ठेवून एलिझाबेथ नर्स रोज मलमपट्टी करायची. पलंग विलायती, लोखंडी, नर्सच्या कमरेइतका उंच. बाई त्यावरून दोनदा खाली आली, म्हणून डॉक्टरांनी आमोसकडून त्याला हातभर उंचीचे कठडे करून घेतले. कठडे असे देखणे झाले की बघत राहावं. तर बाई आता त्या कठड्यांवर चढून पडली! करायला गेला गणपती आणि झाला मारुती. आधी कमरेइतक्या उंचीवरून पडायची, ती आता छातीइतक्या उंचीवरून पडली.

"हाड सरकलं होतं, आज पुन्हा बसवलं," डॉक्टर म्हणाले. "आणखी एकदा पडली तर मात्र पाय कापावा लागेल, आमोस."

आमोसचं तोंड एवढंसं झालं. कठडे त्याचे होते ना! तो घरी गेलाच नाही. लंकाबाईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसला.

"बाई, झोपंत पडता का वो तुमी?"

"न्हाई, चांगली जागी असते की."

"मग?"

लंकाबाईनं पदर पुढं ओढला. "थोरलं दीर येत्यात दर बुधवारी. सात कोस चालत. आल्यावर हितं फरशीवर बसत्यात. त्ये खाली आन् मी वर, पाय पसरून? लगीन झाल्यापासनं त्यांच्या म्होरं बाजंवर बसले न्हाई मी. म्हनून उतराया जाते."

आमोसनं कपाळाला हात लावला. तिन्ही वेळा बुधवारच होता, आणि एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत तिला विचारलं कुणीच नव्हतं.

"मग दिराला खुर्ची द्या," डॉक्टर म्हणाले.

"दिली होती," एलिझाबेथ म्हणाली. "ते म्हणतात, डॉक्टरसाहेब उभे असताना मी खुर्चीवर कसा बसू?"

"मग बाईलाच खाली गादी टाका."

"आणि मी दिवसातून तीनदा गुडघ्यावर बसून तिला उचलू? वीस रोगी आहेत, डॉक्टर. माझी कंबर काय लोखंडाची आहे?"

"म्हंजी पलंग खालीबी पायजे आन् वरबी पायजे," आमोस म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याच्या डोळ्यापुढं विहीर आली.

बुधवारला सहा दिवस होते. लढाईमुळं बाजारात लोखंड औषधालाही मिळत नव्हतं. त्यानं बाभळीचे चार खांब उभे केले, त्यांच्यामध्ये बाज चार दोरांवर टांगली, दोर कप्प्यांवरून नेऊन पायथ्याच्या एका लाकडी रुळावर गुंडाळले आणि रुळाला दांडा बसवला. दांडा फिरवला की बाज वर, उलटा फिरवला की खाली. अगदी विहिरीवरचा रहाट. पहिल्यांदा तो स्वतःच आडवा झाला. एलिझाबेथनं त्याला कमरेइतका वर घेतला, आणि घामानं तिचा हात निसटला. मिस्त्री धपकन जमिनीवर! ती घाबरून धावली, तर हा कंबर चोळत म्हणतो, "बरं झालं, म्या पडलो. ती पडली असती म्हंजी?"

मग तो एका गुऱ्हाळावर गेला आणि मोडक्या चरकाचं दातेरी चाक मागून आणलं. उसानं मोडलेला पाय उसाच्याच चाकानं राखायचा, असा त्याचा हट्ट. चाक रुळाला बसवलं आणि त्यावर त्याच चरकाची एक लोखंडी खिटी. आता दर दाताला खिटी कट्‌कन अडकायची. हात सुटला तरी बाज जागची हलत नव्हती. खात्री होईस्तोवर तो पन्नास वेळा त्या बाजेवर निजला.

बुधवारी दीर आला. भिमाजी त्याचं नाव. साठीचा, धिप्पाड, फडक्यात भाकऱ्या बांधलेल्या. तो दारात दिसताच एलिझाबेथनं खिटी उचलून पलंग खाली घेतला, फरशीपासून जेमतेम वीतभर. भिमाजी फरशीवर टेकला. लंकाबाईनं पदर घेतला, पण जागची हलली नाही. आमोस खांबाआडून बघत होता.

पण तेवढ्यात मलमपट्टीची वेळ झाली. एलिझाबेथनं दांड्याला हात घातला, आणि लंकाबाई ओरडली, "नगं, वर नगं! भावजी बसल्यात!" चांगला पाय तिनं फरशीवर टेकवलासुद्धा.

भिमाजी हळूच उठला. "बाई, व्हा बाजूला," तो नर्सला म्हणाला आणि दांडा स्वतः धरला. "पाय वर घे, पोरी. तुला म्या माज्या हातानं वर घेतोय. आता माज्या सांगण्याबिगर खाली उतरायचं न्हाई."

कट्, कट्, कट्. थोरला दीर धाकट्या भावजयीला आपल्यापेक्षा उंच चढवत होता, आणि पदरात तोंड लपवून ती चढत होती. एलिझाबेथनं त्या दिवशी सरळ उभं राहून पट्टी केली.

पुढं नऊ बुधवार दांडा भिमाजीनंच फिरवला. एकदाही बाई पडली नाही. दहाव्या बुधवारी प्लास्टर कापलं, डॉक्टरांनी नडगी दाबून पाहिली आणि ते चक्क ओरडले, "जुळलं! आमोस, असे आणखी बारा पलंग हवेत मला!"

पलंग खाली आला. लंकाबाई काठी टेकत उठली आणि पावलापावलानं ओसरीपर्यंत चालत गेली. पायरीवर भिमाजी बसला होता. त्याला बघताच ती सवयीनं खाली बसायला वाकली.

"ए, बसू नगंस!" भिमाजी गरजला. "हुबी ऱ्हा. डोळं भरून बघू दे."

लंकाबाई उभी राहिली. बसलेल्या दिरासमोर, दोन्ही पायांवर, ताठ. आमोसला रडू फुटलं, आणि त्यानं ते कुणापासून लपवलं नाही.