तुतीची फोक

"हे झाड ठेवायचं ना, ताई?" बागेच्या डिझायनर मुलीने नकाशावर पेन्सिल टेकवली.

"नाही. मुळासकट काढायचं."

"अहो, पण आता सगळे उलट सांगतात. जुनं मोठं झाड ठेवा आणि बाकीची बाग त्याच्याभोवती बसवा. सावलीत लाकडी ओटा, खाली खडी, कडेने उंच गवतं. या तुतीमुळे तुमच्या परसाला वजन आहे. नवीन झाड एवढं व्हायला वीस वर्षं लागतील."

"मला वीस वर्षं सावली नसली तरी चालेल."

मुलगी हसली. मग सिस्टर हसत नाही हे पाहून तिने मान खाली घातली आणि नकाशावरच्या गोलावर फुली मारली.

गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. गेली बावीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती. वय सेहेचाळीस. लग्न केलेलं नव्हतं. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात ती आणि बाबा दोघंच. बाबांना गल्ली फिटरकाका म्हणायची. बाटल्यांच्या कारखान्यात त्यांची सगळी हयात गेली. निवृत्त झाल्यावर कुणाचा पंप बिघडो, कुणाचा नळ गळो, फिटरकाका पान्यांची पिशवी घेऊन हजर. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "देवमाणूस आहे हो तुमचा बाप," असं लोक सिस्टरला थांबवून सांगत. ती मान डोलवायची आणि पुढे चालू लागायची.

आता ते मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. शहात्तर वर्षांचे, पण मनगटं अजून लोखंडी.

"पोरी, त्या झाडाला हात लावायचा नाही," ते गोड आवाजात डिझायनरला म्हणाले. "माझ्या बायकोने लावलंय. तिची तेवढीच आठवण उरली आहे."

डिझायनरचे डोळे भरून आले. तिने सिस्टरकडे पाहिलं. तिच्या नजरेत सरळ विचारणा होती, की बाई, तुम्हाला काळीज आहे की नाही?

झाड आईनेच लावलं होतं, हे खरं. पोरांना तुती आवडते म्हणून. पण चार वर्षांत त्याला फांद्या फुटल्या आणि बाबांना ओल्या फोकेचा शोध लागला. पट्टा तुटतो, काठी मोडते. तुतीची ओली फोक वाकते, अंगाला वेढा घालते आणि मोडत नाही. ती ते पोरांनाच जाऊन आणायला लावायचे. "जा, आपल्या हाताने निवडून आण. जाड आणलीस तर दोन, बारीक आणलीस तर दहा." सात वर्षांची सिस्टर झाडाखाली उभी राहून हिशेब करायची, की कुठली कमी लागेल? आई पहाटे उठून हाताला येतील तेवढ्या फोका कात्रीने छाटून टाकायची. दोन पावसाळे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वर्षी बाबांनी कात्री पकडली. त्या दिवशी शिडी लावून वरची फांदी तोडली गेली, आणि ती पोरांसाठी नव्हती.

दादा एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेला. ती राहिली. आईला एकटं कसं टाकायचं?

हे सगळं डिझायनरला सांगण्याची तिची इच्छा नव्हती. "करवतवाला कधी येईल?" एवढंच तिने विचारलं.

करवतवाला आला तो आठवड्याने, सकाळी नऊला. धिप्पाड, बोलका माणूस. आल्या आल्या त्याने झाडाला थोपटलं. "चांगलं पोसलंय की हो. कशाला जीव घेताय बिचाऱ्याचा?" तोवर परसाचं रूप पार बदललं होतं. गुलाबाचे जुने वाफे उखडून भिंतीशी टाकलेले, लोखंडी जाळी मोडलेली, ओट्याच्या पायासाठी गुडघाभर खोल चर खणून ठेवलेला. मातीचे ढीग, त्यांतून वर आलेली पांढरी मुळं.

सिस्टरने बाबांना आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवून दिलं होतं. आवाज मोठा केला होता. पण यंत्राच्या करवतीचा आवाज टीव्हीने दबणार थोडाच! पहिली फांदी कडाडून खाली आली, आणि दुसरी पडते तोच मागचं दार भिंतीवर आपटलं.

"बंद कर ते! ए, बंद कर म्हणतो ना!"

करवतवाल्याच्या कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या होत्या. पाठ घराकडे. तो बुंध्याशी वाकला होता, करवत लाकडात दोन बोटं शिरली होती. बाबा पायऱ्या उतरून आले, त्यांच्या वयाच्या माणसाने उतरू नयेत अशा वेगाने, आणि हातातली जाड काठी त्यांनी त्याच्या मानेखाली हाणली.

माणूस कळवळून वळला. करवत लाकडातून उसळली आणि त्याच्या मांडीवरून गेली.

आधी काहीच दिसलं नाही, फक्त फाटलेली पँट. मग रक्त आलं. ते वाहत नव्हतं, उसळत होतं. डिझायनरच्या तोंडून किंकाळी फुटली. करवत मातीत पडून घरघरत गोल फिरत होती. सिस्टरने धावत जाऊन ती बंद केली, ओढणी काढली, जखमेच्या वर करकचून आवळली आणि मुठीने दाबून धरलं.

"माझ्याकडे बघा. श्वास घ्या. मोठी शीर तुटलेली नाही, मी बघतेय ना. ए पोरी, फोन लाव. अँब्युलन्सला. रडू नंतर!"

"मेलो हो ताई, मेलो," करवतवाला दात आवळत म्हणाला.

"नाही मरत. मी मरू देत नाही कुणाला."

तिने गाठ घट्ट केली, डिझायनरचा हात ओढून जखमेवर ठेवला. "इथे दाब. सोडायचं नाही." आणि तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला. चाळीस वर्षांत त्याच्यात काही फरक पडला नव्हता.

"ऊठ. हात पुढे कर."

ती उठली, आणि तिचा उजवा हात पुढे झाला. तळवा वर, बोटं सरळ, अंगठा आत. तिने ठरवून केलं नव्हतं. ज्या हाताने हजारो शस्त्रक्रियांत हत्यारं पुढे केली होती, तो हात रक्ताने माखलेला, हवेत स्थिर उभा होता, आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तशी पाहत राहिली.

काठी खाली आली. करंगळीशेजारच्या बोटाचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

"माझ्या घरात," बाबा धापा टाकत म्हणाले, "माझ्या परवानगीशिवाय... तुझ्या आईलाही हेच समजत नव्हतं."

काठी पुन्हा वर गेली. या वेळी सिस्टरने ती डाव्या हाताने पकडली. बाबांनी हिसका दिला. तिने त्याहून मोठा दिला. मग काठी तिच्या हातात आली आणि तिने म्हाताऱ्याच्या छातीवर खांदा घालून सगळं अंग झोकून दिलं. ते मागे गेले, टाच ढिगाऱ्यात रुतली आणि ते पाठीवर चरात कोसळले.

ती काठावर उभी राहिली. वाकून मारलं. एकदा मांडीवर. एकदा दंडावर. तिसरा फटका डोक्यासाठी उचलला होता, हे तिने पुढे कुणापासून लपवलं नाही.

बाबांनी दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली, गुडघे पोटाशी ओढले. "नको. नको गं. बस झालं." आई अशीच पडायची. कोपरं अशीच, शब्दही हेच.

तिने काठी खाली घेतली. तिला वाटलं होतं, असा दिवस आला तर काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. तिने काठी भिंतीपलीकडे भिरकावली, चरात उतरली आणि बापाच्या मानेखाली हात घातला. "हलू नका. खुब्याचं हाड गेलंय. हलू नका, बाबा."

दोन्ही जखमी तिच्याच रुग्णालयात आले. करवतवाल्याला एकोणीस टाके पडले. बाबांच्या खाटेशी डॉक्टर कागद घेऊन उभे राहिले. ते तिला बारा वर्षं ओळखत होते.

"कसे पडलात, काका?"

"पाय घसरला," बाबा म्हणाले. "बागेचं काम चाललंय ना, चर होता." आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, सौदा होता. याच वॉर्डात आई पाच वेळा आली होती, आणि पाचही वेळा तिचा पाय घसरला होता. आता तेच वाक्य त्यांनी लेकीसमोर ठेवलं होतं. घे, तुझंही झाकतो, माझंही झाकू.

"घसरला नाही," सिस्टर म्हणाली. "मी ढकललं. पडल्यावर काठीने दोनदा मारलं. त्याआधी त्यांनी माझं बोट मोडलं, आणि त्याआधी त्या माणसाला मागून मारलं. क्रमाने लिहा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, पोलीस केस होईल. नोकरीचाही विचार करा."

"करतेय. लिहा तुम्ही."

जबाबावर तिने डाव्या हाताने सही केली. पहिलीतल्या मुलासारखी, ओळ सोडून वर गेलेली.

पोलिसांनी म्हाताऱ्याचं वय पाहिलं, तिचं प्लास्टर पाहिलं आणि दोघांनाही समज देऊन सोडलं. रुग्णालयाने तिला दोन महिने घरी बसवलं. दादा येऊन बाबांना घेऊन गेला. जाताना दारातच म्हणाला, "म्हाताऱ्या माणसावर हात टाकलास?"

"टाकला."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. गल्लीने मात्र निकाल लावून टाकला. देवमाणसाचा खुबा पोरीने मोडला. दूधवालासुद्धा पिशवी फाटकाला अडकवून न बोलता जायला लागला.

काम तिने थांबवलं नाही. करवतवाल्याच्या भावाने झाड उतरवलं, बुंधा यंत्राने उकरून काढला. महिन्याभरात ओटा उभा राहिला, करडी खडी पडली, भिंतीच्या कडेने उंच गवतं वाऱ्यावर झुलायला लागली. शेवटच्या दिवशी डिझायनरने दोन खुर्च्या मांडल्या.

"बसा ना, ताई. इकडे तोंड करून बसा, इकडून छान दिसतं."

सिस्टर जागच्या जागी थांबली. तिकडे बसलं की घराचं दार पाठीशी येत होतं. जन्मात ती कधी दाराकडे पाठ करून बसली नव्हती. घरात नाही, हॉटेलात नाही, बसमध्येही नाही. तिने कप उचलला आणि बसली. मानेवर ऊन आलं. मुलगी गवताचं नाव सांगत होती, किती दिवसांनी पाणी घालायचं ते सांगत होती.

वाऱ्याने मागचं दार धाडकन आपटलं.

कप खडीवर पडला. सिस्टरची दोन्ही कोपरं डोक्यावर गेली होती. मुलगी पुढे सरकली. तिने पुढे केलेला हात हवेतच राहिला.

थोड्या वेळाने सिस्टरने कोपरं खाली घेतली. वाकून कप उचलला, त्याला लागलेले खडे फुंकून काढले.

"अर्धा कप आहे का गं अजून?" तिने विचारलं, आणि खुर्ची न वळवता ती बसून राहिली.