ओच्यातली बाटली

रविवारी सकाळी बडनेऱ्याला खुशालरावांच्या घरी पोह्यांचा कांदा चिरला जात होता, आणि त्यांची बायको मनकर्णाबाई मोरीत उभ्या राहून अंगातून निघालेली नळी दुमडत होत्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. काखेखालून बारीक नळी, टोकाला प्लास्टिकची बाटली. त्यात उतरणारं लालसर पाणी रोज दोनदा मोजून वहीत लिहा, असं नर्सनं बजावलं होतं. कूस बदलायची चोरी, आंघोळीची चोरी. मनकर्णाबाई बाटलीला सवत म्हणायच्या, कारण ती अंथरुणातही सोबत सोडत नव्हती.

"मायले कॅन्सर हाय मनलं, तं पोरीले कोन करून घेईन?" खुशालरावांनी गुरुवारीच दम दिला होता. "अकोल्याचे पावणे येऊन राहिले. कोनाले दिसली नाई पायजे."

तेव्हापासून नळीला रबर आणि बाटली ओच्यात. शुक्रवारी पाणी दहा मिली भरलं, शनिवारी काहीच नाही. खुशालराव खूश झाले, देवापुढे साखर ठेवली. पाणी का थांबलं, हे कुणीच विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्याकडे त्या मुठीत बायका गुदमरतात.

मुलगी पसंत पडली. मुलाची आई माणिकबाई ओटीचा नारळ घेऊन उठल्या. "विहीनबाई, पदर पुढं करा."

मनकर्णाबाईंचा हात वर येईना. दात वाजत होते. प्राजक्तानं आईला धरलं, तर अंग तव्यासारखं तापलेलं. ओच्यात हात घातला आणि रबर तिच्या बोटांना लागलं.

"प्राजक्ता, गुमान बस!"

"पानी थांबलं नव्हतं, बाबा. दाबून ठेवलं होतं." तिनं बाटली सगळ्यांसमोर वर धरली. "मावशी, माह्या मायले कॅन्सर झाला. पोरगी पायली, आता हे बी पाहून घ्या."

माणिकबाईंनी नारळ मागे घेतला. पाहुणे चपला शोधू लागले. प्राजक्तानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती ऑटो बोलवायला धावली.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सूज पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "नळी कधीपासून बंद आहे?"

खुशालरावांनी वही पुढे केली. शनिवारपुढे दोन शून्यं होती, त्यांच्याच हातची, ठसठशीत.