बूट कोणी बांधले?

फेरी संपल्याची घंटा झाली आणि धाकटा बॉक्सिंगच्या रिंगच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर मटकन बसला. दादाने त्याच्या तोंडातलं दात जपणारं रबर काढलं, भुवईवरच्या जखमेवर कापूस दाबला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"बूट कोणी बांधले?"

"तू. आणि आवळून बांधलेस, नेहमीसारखे."

प्रश्न मूळचा वडिलांचा. डोक्याला मार लागलेला माणूसही स्वतःचं नाव धडाधड सांगतो, पण आज काय घडलं ते विसरतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बूटही तेच बांधायचे. गेल्या वर्षी ते गेले, आणि बूट नि प्रश्न दोन्ही दादाच्या वाट्याला आले.

विजेतेपदाचा पट्टा धाकट्याकडे होता. तो राखायचा म्हणून दोघा भावांनी रक्ताचं पाणी केलं होतं. समोरचा मात्र हटायचं नाव घेत नव्हता. जबडा सुजून तोंड वाकडं झालं, तरी बेटा घंटेच्या आधीच उठून उभा. असल्या माणसाचा राग तरी कसा यावा? पण गुणांत धाकटा चांगलाच पुढे होता. आता फक्त पायांवर उभं राहायचं होतं.

शेवटून दुसऱ्या फेरीत त्याच्या कानशिलावर ठोसा बसला. तो पडला नाही, उलट दोन देऊन परतला. स्टुलावर बसला तेव्हा हसत होता.

"आता एकच फेरी, दादा."

"बूट कोणी बांधले?"

"बाबांनी."

दादाचा हात थांबला. ऐकलंच नाही असं दाखवता आलं असतं. थट्टा करत असेल, असंही त्याने मनाला सांगून पाहिलं. मग पुन्हा विचारलं.

"बाबांनीच. किती वेळा तेच विचारशील?"

दादाने हार मानून टॉवेल रिंगमध्ये टाकला. पंचाने लढत थांबवली. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या घातल्या. पट्टा आता समोरच्याचा झाला होता; तो गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडला.

"जिंकत होतो ना आपण?" धाकट्याने विचारलं.

"हो."

"मग?"

दादा खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. गाठी सुटता सुटेनात, आणि डोळ्यांतल्या पाण्याने त्याला त्या नीट दिसतही नव्हत्या.

धाकटा वाकून हळूच म्हणाला, "बाबा चिडले का रे? दिसत नाहीत कुठे."

"नाही चिडले," दादा म्हणाला. "त्यांनीच थांबायला सांगितलं."