अर्धंच सांगायचं होतं

रऊफभाईंनी फळीवरचा तागा खाली ओढला, वीतभर कापड उलगडलं आणि हात तिथंच थांबवला.

"पाहा गुरुजी. गिऱ्हाइकाले बाहेरून एवढंच दाखवाचं. सारा तागा रस्त्यावर उलगडला, तं मानूस पाहूनच खूश होते अन् घरी जाते. दुकानात कायले येईन?"

"मी का कापड इकतो?" शेषराव म्हणाले.

"मंग उद्या पालकसभेत भाषण कायले देऊन राह्यले? क्लासात पोट्टे यावे म्हनूनच ना? तं अर्धंच सांगाचं. बाकीचं क्लासात."

शेषराव हसले. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत गणिताचा क्लास उघडला होता. खोली रोज झाडून होई, सतरंजी अंथरून होई. पण शेलूबाजारची मुलं जीपनं वाशीमच्या मोठ्या क्लासला जात. सोमवारपर्यंत कोणी आलं नाही तर खोलीत सोयाबीनची पोती ठेवायची, असं मुलानं सांगून टाकलं होतं.

रऊफभाई ताग्याची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "आमच्या नमरालेही तुमच्याकडंच धाडलं असतं. पन सून म्हनते, सगळ्यायचे पोरं वाशीमले जातेत."

"असू द्या हो."

शनिवारी सकाळची शाळा होती. पटांगणात कोवळं ऊन, पुढं मुलं, मागं पालक. शेषरावांनी भाषण पाठ केलं होतं, पण माईक हातात आल्यावर त्यातलं एकही वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. हातभर काठी मातीत उभी रोवली आणि पटांगणाच्या कडेच्या पाण्याच्या टाकीकडं बोट केलं.

"ते टाकी किती उंच हाये? वर चढाचं नाई. कोनाले इचाराचं नाई. फक्त या काठीनं सांगाचं."

एका मुलाला बोलावून त्यांनी काठीची सावली मोजून घेतली. ती काठीच्या बरोबर दुप्पट भरली. टाकीची लांब सावली पटांगणावर आडवी पडलेली होती. आता मुलंच काय, मागचे पालकही माना वर करून बघत होते. शेवटच्या रांगेतून रऊफभाईंनी हळूच हात वर केला. बस, आता घडी घाला.

शेषरावांनी माईक तोंडाशी नेला.

"पुढचं सोमवारी. माह्या घरी, संध्याकाळी."

त्यांनी माईक ठेवला. टाळ्या सुरू होणार, तोच दुसऱ्या रांगेतून रऊफभाईंची सहावीतली नात नमरा उठून उभी राहिली. तिची नजर काठीवरून टाकीकडं आणि टाकीवरून काठीकडं जात होती. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"गुरुजी, मंग सावली कायले मोजली?"

त्या आठ्यांकडं शेषरावांना फार वेळ बघवेना. ते पुन्हा काठीजवळ गेले.

"ये इकडं. काठीची सावली काठीच्या किती पट?"

"दुप्पट."

"ऊन तं सगळ्यायले एकच हाये ना? मंग टाकीची सावली?"

नमराचे डोळे मोठे झाले. "टाकीच्या दुप्पट!" असं ओरडून ती टाकीकडं पळाली, आणि तिच्यामागं अख्खं पटांगण. मुलांनी टेप धरून सावली मोजली, निम्मी केली. उंची निघाली. पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी शाल घातली. एक जण शेषरावांचा हात हातात घेऊन म्हणाला, "लय भारी समजावलं गुरुजी. पोराच्या डोक्यात फिट बसलं. आता काही टेन्शन नाई."

रऊफभाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. शेषराव धुतलेला सदरा घालून फाटकात उभे होते. कोपऱ्यावर वाशीमची जीप मुलांनी भरत होती. मागच्या बाकावरून नमरानं मान बाहेर काढली.

"गुरुजी! आज तं सावलीच नाई! मंग टाकी कशी मोजाची?"

शेषराव झपझप पुढं गेले. जीपच्या कडेला हात ठेवून म्हणाले, "सोपं हाये. एका ताटात पानी घ्याचं, त्यात टाकीचं टोक दिसलं का—"

जीप हलली. ते दोन-चार पावलं सोबत चालले, मग हात सुटला. नमरा मागं वळून बघतच राहिली. तिच्या कपाळावर पुन्हा त्याच आठ्या होत्या.

ते घरात आले तेव्हा पुढच्या खोलीत त्यांच्या पत्नी गिरजाबाई सतरंजी गुंडाळत होत्या. दारात मुलगा पहिलं पोतं उतरवत होता. शेषरावांनी त्याला वाट करून दिली.

"आलं का कोनी?" गिरजाबाईंनी विचारलं.

शेषराव खिडकीशी गेले आणि आभाळाकडं बघत उभे राहिले.

"वाशीमची जीप वापस कवा येते?"

"येते जेवनाच्या टाइमाले. काहून?"

"काई नाई," ते म्हणाले. "नमराले अर्धंच सांगतलं हाये. उद्या सकाळीबी आभाळ असंच राह्यलं पाह्यजे."