मागच्या पानावरचा कोळसा

“सूनबाई, ही वही दोन्हीकडून लिहिलेली आहे. नुसती पुढून वाचून कुणाला काही बोलू नकोस हं.”

सोनुन-आपांनी हे बजावलं तेव्हा त्यांची सून मीरगुल लेकीचं झबलं बदलत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “आपा, कॉलेजात हिशेबच तर शिकले मी. तुम्ही निवांत जा आणि डोळ्यांचं ऑपरेशन करून या.”

ती वही म्हणजे मी. मित्रांनो, काराकोल गावात चार भाडेकरू राहतात अशा एका अंगणाची मी जुनी, तेलकट वही आहे. आता जे सांगणार आहे, ते कुणाला सांगू नये असंच मला वाटत होतं.

अकरा वर्षांपूर्वी सोनुन-आपांनी मला बाजारातून आणलं. माझं पुठ्ठ्याचं अंग तपकिरी आणि पानांवर निळ्या चौकटी. आपांची लिहिण्याची रीत त्यांची स्वतःची होती. पुढून प्रत्येक भाडेकरूचं एक पान. डावीकडे महिना आणि ठरलेलं भाडं, उजवीकडे हाती आलेली रक्कम, खाली बाकी. मग मला उलटी करून त्या मागून दुसरा हिशेब लिहीत. कुणी फुटलेली काच बसवली, कुणी नळ बदलला, तर तो खर्च तिथे. पुढची बाकी काढायची, मागचा खर्च तिच्यातून वजा करायचा, तेव्हा कुठे खरा आकडा हाती यायचा. चहाच्या डब्याशेजारी माझी जागा होती. पाहुण्यांना आपा सांगत, “या वहीमुळे माझ्या अंगणात कधी भांडण झालं नाही.” ते ऐकून मी फुगून जायची. तो फुगारा आता आठवला की कसंसंच होतं.

तिसऱ्या खोलीत बुरूल-एजे राहायची. एकटी, साठीला टेकलेली. लोकर थापून नमदे, म्हणजे जाड गालिचे, करायची आणि त्यावर रंगीत नक्षी शिवायची. अंगणातली सगळी तिला ताई या अर्थाने एजे म्हणत. भाडं द्यायला यायची तेव्हा तिच्या नोटांनासुद्धा मेंढीचा वास यायचा.

आमच्या अंगणाचा एक रिवाज आहे. ऑक्टोबरात ज्याच्या हातात पैसा असेल त्याने सगळ्यांसाठी कोळसा भरायचा आणि तो भाड्यातून वळता करून घ्यायचा. कुणी भरला हे आपा इतरांना सांगत नसत, फक्त माझ्यात लिहीत. त्या वर्षी बुरूल-एजेने भरला. आपांनी माझ्या मागच्या पानावर लिहिलं: बुरूल, कोळसा चार टन, चोवीस हजार सोम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भाडं घेऊ नये. सोम म्हणजे आमचं चलन, आणि तिचं भाडं महिन्याला सहा हजार सोम. चौथ्या दिवशी आपा थोरल्या लेकीकडे दूरच्या बिश्केक शहरात गेल्या. एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होतं, त्यामुळे त्यांचा हिवाळा तिकडेच जाणार होता.

जानेवारीत मीरगुलची लेक आयपेरी खोकू लागली. नवरा रशियात बांधकामावर, त्याचे पैसे अडकलेले. मीरगुल उठून उठून पोरीच्या कपाळाला हात लावायची, श्वास मोजायची. औषधाची चिठ्ठी हातात घेऊन तिने मला उघडलं. पुढून. बुरूलच्या पानावर तीन महिन्यांच्या चौकटी कोऱ्या होत्या. सहा आणि सहा बारा, आणि सहा अठरा. तिने तीनदा बेरीज केली आणि तिन्ही वेळा ती बरोबर आली. खरा हिशेब माझ्याच पोटात, चाळीस पानांपलीकडे होता. मी एक पानही उलटू शकले नाही.

आपांना एक फोन केला असता तरी भागलं असतं. पण सासूला विचारायचं म्हणजे आपल्याला जमत नाही हे कबूल करायचं, असं तिला वाटलं.

रविवारी सगळे अंगणातला बर्फ ओढत होते. मला काखेत मारून मीरगुल तिथेच उभी राहिली. “बुरूल-एजे, तीन महिन्यांचे अठरा हजार राहिलेत तुमचे.”

बुरूलचं फावडं थांबलं. “वही नीट बघ, पोरी.”

“बघितली. तीनदा बघितली.”

पहिल्या खोलीतला मिनीबसवाला कुबात हसला. “काय एजे, नमदे विकून पैसा सगळा गादीत शिवता वाटतं?”

सगळे हसले. बुरूलचा चेहरा उतरला. आपण कोळसा भरला हे चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे उपकार मोजून दाखवायचे, आणि तिच्या पिढीला त्याची भारी लाज. “सोनुन आली की तिला विचार,” एवढंच ती म्हणाली.

“आपा येईपर्यंत माझ्या पोरीचं औषध थांबेल का?” मीरगुलचा आवाज चिरकला.

दुसऱ्या दिवशी बुरूलने नातीच्या लग्नासाठी शिवायला घेतलेला नमदा तसाच अर्धवट विकला. अठरा हजार मीरगुलच्या टेबलावर ठेवले, बोचकं उचललं आणि खोली सोडली. मीरगुलने माझ्यावर लिहिलं: बाकी शून्य. माझ्या अंगावर याहून खोटा आकडा कधी पडला नव्हता.

पंधरा दिवसांनी कोळसा संपत आला. ट्रकवाल्याचा नंबर विचारायला तिने आपांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, “वहीतच आहे की. मागून बघ, बुरूलच्या चोवीस हजारांखाली.”

मीरगुलने मला उलटी केली. वाचलं. मग पुन्हा बेरीज केली. तीन महिन्यांचं भाडं अठरा हजार. बुरूलने दिलेले कोळशाचे चोवीस आणि वर रोख अठरा. म्हणजे बुरूलकडून काहीच येणं नव्हतं. घरच तिचं चोवीस हजार देणं लागत होतं. माझ्या पानावर पाण्याचा थेंब पडला आणि शाई पसरली. तो डाग आजही आहे.

एजेचा पत्ता कुबातने दिला. “माझ्याच गाडीतून गेली. गावाबाहेर, तलावाच्या रस्त्याला उतरली. मी तिच्याशी बोललो पण नाही,” तो बुटांकडे बघत म्हणाला.

मीरगुल मला घेऊन तिथे गेली. कुणाच्या तरी अंगणातल्या, पातळ भिंतींच्या उन्हाळी स्वयंपाकघरात बुरूल राहत होती. चुलीत धग नव्हती, आणि ती खोकत होती. नवऱ्याकडून उशिरा आलेल्या पैशांतले चोवीस हजार मीरगुलने पुढे केले. “एजे, परत चला. चुकले मी.”

बुरूलने पैसे मोजलेही नाहीत. “आधी जिथे वाचलंस तिथेच हे वाच. मोठ्याने.”

मीरगुलने वाचलं, त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर, आधी पुढून आणि मग मागून. त्या वेळी कुणीच हसलं नाही. कुबात कोळशाची दोन पोती तलावाकडे टाकून आला. बुरूल मात्र परतली नाही. तिसरी खोली अजून रिकामी आहे आणि माझ्यात तिच्या पानावरच्या पुढच्या चौकटी कोऱ्या.

मित्रांनो, आयपेरी आता बरी आहे. मीरगुल दर दोन दिवसांनी दूध घेऊन तलावाकडे जाते आणि आल्यावर आपांना सांगते, “खोकला आहे अजून.” मला पाय नाहीत, मी जाऊ शकत नाही. तुम्हाला आहेत. तुमच्याही गल्लीत कुणीतरी एकटं राहत असेल, चारचौघांत बोल ऐकून मुकाट्याने दार लावून घेतलेलं. आज जरा जाऊन बघा. दार वाजवा, चूल पेटली आहे का बघा, आणि खोकल्याचा आवाज आला तर तसेच परत फिरू नका.